मेमध्ये निभावते, जुलैमध्ये अडते : कूलिंग टॉवरचे दुखणे कसे ओळखावे

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळणाऱ्या अभियंत्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे दोन सेलचा (स्वतंत्र पंख्याच्या दोन कप्प्यांचा), माथ्यावर पंखे असलेला काउंटरफ्लो (खाली पडणाऱ्या पाण्याविरुद्ध हवा वर जाणारा) कूलिंग टॉवर असून त्यातून ताशी ६०० घनमीटर पाणी फिरते. खरेदीच्या वेळी गरम पाणी ३७ अंश, थंड पाणी ३२ अंश आणि वेट बल्ब तापमान (ओले कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचे) २८ अंश असे ठरले होते. भर मे महिन्यात, बाहेर ४४ अंशांचे ऊन असताना, टॉवर ३०.५ अंशांचे पाणी देतो आणि कोणाची तक्रार नसते. जुलैमध्ये हवा ३० अंशांवर उतरते, तरी पाणी ३४ अंशांखाली येत नाही आणि उत्पादन विभाग ओरड करू लागतो. पुरवठादाराने तिसरा सेल बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. तो स्वीकारावा का, आणि एकूणच वीज व पाणी कमी लागेल असा टॉवर कसा चालवावा, असे त्यांनी विचारले आहे.

तिसऱ्या सेलची मागणी तूर्त थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दिलेल्या आकड्यांवरून आपला टॉवर जुलैमध्ये बिघडलेला नाही. तो मे महिन्यातही तेवढाच बिघडलेला असतो, फक्त तेव्हा ते कोणाला जाणवत नाही. हे कसे, ते समजण्यासाठी आधी टॉवर नेमके काय करतो याची उजळणी करू.

नागपूरकरांना हे शिकवावे लागू नये, कारण वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर प्रत्येक घरात असतो. मे महिन्यात तो खोलीत गारवा आणतो आणि पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसती चिकचिकीत दमट हवा फेकतो. माठाचेही तसेच. पाण्याचा थोडा अंश वाफ होऊन जातो आणि जाताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जातो; एक किलो पाणी या तापमानाला वाफ होण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ते एक किलो ५८० किलो पाण्याला एक अंशाने थंड करते. कूलिंग टॉवर हा याच तत्त्वावर चालणारा अवाढव्य माठ आहे. त्यात नोझलमधून पडणारे पाणी फिलच्या पन्हाळीदार प्लास्टिक पत्र्यांवर पातळ थराने पसरवले जाते आणि खालून वर जाणारी हवा त्या थराला भिडते. उष्णतेचा लहान भाग हवा तापल्याने जातो, मोठा भाग बाष्पीभवनाने जातो. टॉवरच्या माथ्यावर पावसाळ्यात आणि थंडीत दिसणारा पांढरा लोट म्हणजे याच वाफेचे बाहेर पुन्हा झालेले धुके होय. आसपासच्या वस्तीतील लोक त्याला कारखान्याचा धूर समजून तक्रार करतात, तेव्हा त्यांना एकदा आत बोलावून टॉवर दाखवावा हे उत्तम.

हवा किती पाणी पिऊ शकेल हे तिच्या साध्या तापमानावर ठरत नाही. थर्मामीटरच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळून त्यावरून हवा खेळवली की पारा ज्या अंकावर स्थिरावतो ते वेट बल्ब तापमान, आणि कोणताही बाष्पीभवनाचा टॉवर, कितीही मोठा केला तरी, पाणी त्या अंकाखाली नेऊ शकत नाही. हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब सुमारे २३ अंश येते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर ते २८ अंशांच्या आसपास जाते आणि पाऊस थांबून ऊन पडले, हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली, की २९. म्हणजे अंगाला मे महिना चटके देत असला, तरी टॉवरच्या दृष्टीने तो जुलैपेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असतो. विदर्भातील टॉवरची परीक्षा पावसाळ्यातच होते.

आता दोन संज्ञा. गरम आणि थंड पाण्यातील फरक म्हणजे रेंज, तर थंड पाणी आणि वेट बल्ब यांतील फरक म्हणजे अ‍ॅप्रोच. कारखान्यांत रोजच्या नोंदवहीत रेंज लिहिली जाते आणि तीच टॉवरची कामगिरी मानली जाते. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की, मी आजवर पाहिलेल्या बहुतेक लॉगशीटमध्ये वेट बल्बचा रकानाच नव्हता. रेंज टॉवर ठरवत नाही, ती तुमच्या यंत्रांनी पाण्यात ओतलेली उष्णता आणि फिरणारे पाणी यांच्या भागाकाराने ठरते. टॉवर अर्धा तुंबलेला असला तरी रेंज तेवढीच राहील. फक्त गरम आणि थंड अशी दोन्ही तापमाने वर सरकतील. आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. मे महिन्यात ३५.५ आणि ३०.५, जुलैमध्ये ३९ आणि ३४. रेंज दोन्ही वेळा पाचच. म्हणूनच रेंजला रेंज व अ‍ॅप्रोच यांच्या बेरजेने भागून काढलेल्या टक्केवारीवरही मी फारसा विसंबत नाही. उत्पादन वाढले की रेंज वाढते आणि टॉवरमध्ये काडीचीही सुधारणा न होता ती टक्केवारी सुधारलेली दिसते. टॉवरची तब्येत सांगतो तो अ‍ॅप्रोच.

ठरलेल्या अटींनुसार आपल्या टॉवरचा अ‍ॅप्रोच ३२ वजा २८, म्हणजे ४ अंश हवा. जुलैमध्ये वेट बल्ब २८ धरले तर तो ६ अंश भरतो. मे महिन्याचे गणित थोडे अवघड आहे, कारण वेट बल्ब उतरले की निरोगी टॉवरचाही अ‍ॅप्रोच वाढतो. थंड हवेची बाष्प धारण करण्याची ताकद कमी असते, त्यामुळे वेट बल्ब पाच अंशांनी उतरले म्हणून पाणी पाच अंशांनी उतरत नाही, साधारण साडेतीन अंशांनी उतरते. उत्पादकाने टॉवरसोबत दिलेल्या वक्रांवर हे स्पष्ट दिसते आणि १९२५ मध्ये मेर्केल या जर्मन अभियंत्याने मांडलेल्या ज्या समीकरणावर असे वक्र बेतलेले असतात, त्यातूनही तेच निघते. त्या हिशेबाने मे महिन्यात आपल्याला २८.५ अंशांच्या आसपास पाणी मिळायला हवे होते, मिळाले ३०.५. दोन्ही ऋतूंत सुमारे दोन अंशांचीच तूट आहे. ३०.५ हा आकडा ३२ पेक्षा कमी असल्याने सर्वजण समाधानी राहिले, एवढेच.

टॉवर जन्मतःच लहान असता, तर बसवला त्या वर्षीपासून ही तूट दिसली असती. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी काढून पाहाव्यात. तेव्हा ३२ अंश मिळत असतील, तर टॉवरचा आकार पुरेसा आहे आणि मधल्या काळात काहीतरी बिघडले आहे. जे बिघडले आहे ते तसेच ठेवून शेजारी नवा सेल उभा केला, तर तोही त्याच पाण्याने, त्याच देखभालीने, काही वर्षांत त्याच वाटेने जाईल.

तपासणीत सर्वांत आधी दोन मोजमापे घ्यावीत. पहिले पाण्याच्या प्रवाहाचे. पंपाच्या पाटीवर ६०० लिहिले आहे म्हणून ६०० वाहते असे नाही. नळीच्या बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर एका दिवसासाठी आणून प्रत्यक्ष प्रवाह पाहावा. अनेकदा नवीन यंत्र जोडताना राखीव पंपही सुरू केला जातो आणि मग तो कायमचा सुरू राहतो. प्रवाह ७०० च्या पुढे गेला तर तेवढ्याच हवेला जास्त पाणी थंड करावे लागते आणि अ‍ॅप्रोच वाढतो. दुसरे मोजमाप वेट बल्बचे, आणि ते टॉवरच्या लूव्हरपाशी (हवा आत घेणाऱ्या तिरक्या पट्ट्यांपाशी), आत शिरणाऱ्या हवेत घ्यायचे. मोबाइलवरचे हवामान किंवा विमानतळाची नोंद इथे कामाची नाही. गोफणीसारखा फिरवायचा सायक्रोमीटर पुरेसा आहे, मात्र त्याचे कापड स्वच्छ आणि डिस्टिल्ड पाण्याने ओले असावे. बोअरच्या पाण्याने ओले केलेले कापड क्षारांनी कडक होते आणि वेट बल्ब खोटे चढे दाखवते. भार स्थिर असताना तासभर, दर दहा मिनिटांनी, चारही बाजूंना मोजावे.

लूव्हरपाशीच मोजण्याचा आग्रह का, त्याचे एक उदाहरण देतो. एका कारखान्यात मला अशीच तक्रार तपासायला बोलावले होते. आवाराच्या मोकळ्या जागेत वेट बल्ब २६.५ आले आणि टॉवरच्या पश्चिमेकडील लूव्हरपाशी २८. मध्यंतरी त्या बाजूला सामान ठेवण्यासाठी पत्र्यांची शेड उभी केली होती. वारा पूर्वेचा असला की टॉवरच्या माथ्यावरून निघालेली दमट हवा शेडवर आपटून खाली येत होती आणि टॉवर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा ओढून घेत होता. त्या बाजूचे पत्रे काढले, पंख्याभोवतीचे सिलिंडर उंच केले आणि खर्च तेवढ्यावर भागला. आपल्याकडे तिसरा सेल जर सध्याच्या दोन सेलना चिकटून, एखाद्या भिंतीच्या बाजूला बसणार असेल, तर हे दुखणे विकतच घेतल्यासारखे होईल. त्यामुळे जागेचा नकाशा पाहिल्याशिवाय त्या प्रस्तावाकडे वळूच नये.

यानंतर टॉवरच्या आत पाहावे लागेल. पंख्याचा वीजपुरवठा तोडून, कुलूप लावून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवूनच वर चढावे. या बाबतीत घाई झालेले अपघात मी ऐकले आहेत. पाणी चालू ठेवून तपासणीच्या दारातून टॉर्चने पाहिले तर नोझलची अवस्था लगेच कळते. एखादे नोझल गळून पडले असेल तर तिथे पाण्याचा जाड लोंढा पडतो आणि शेजारची दहा नोझल उपाशी राहतात. पाणी नसलेल्या जागेतून हवा फुकट निघून जाते, कारण तिला तिथे अडवणारे कोणी नसते. माझ्या अनुभवात थंड पाण्याच्या तक्रारींचे सर्वांत सामान्य कारण हेच असते आणि त्याचा खर्च नोझलच्या एका खोक्याइतका असतो. पावसाळ्यात कच्च्या पाण्याबरोबर येणारा गाळ, गवताच्या काड्या आणि वेल्डिंगचे तुकडे पंपाच्या जाळीतून निसटून इथेच येऊन बसतात.

फिलची तपासणी डोळ्यांनी पुरती होत नाही. वरून स्वच्छ दिसणाऱ्या फिलच्या खालच्या थरात क्षार आणि शेवाळ साचलेले असते, कारण पाणी सर्वांत जास्त तिथे आटलेले असते. एक ठोकळा काढून, निथळू देऊन, त्याचे वजन नव्या ठोकळ्याशी ताडून पाहावे. तो दुप्पट-तिप्पट जड भरला तर हवेच्या वाटा बुजल्या आहेत हे निश्चित. अशा वेळी आम्ल टाकून धुण्याचा सल्ला मिळतो. क्षार चुन्याचे असतील तर त्याने थोडेफार साधते, पण सिलिका किंवा शेवाळात मिसळलेला गाळ असेल तर साधत नाही आणि सुटलेले पापुद्रे थेट कंडेन्सरच्या (जिथे हे पाणी यंत्राची उष्णता घेते त्या भागाच्या) नळ्यांत जातात. नवीन फिल निवडताना पुरवठादार नेहमी दाट पन्हाळीचे फिल सुचवतात, कारण त्याने कागदावर अ‍ॅप्रोच कमी दिसतो. पाण्यात गाळ किंवा तेलाचा अंश असेल, तर मी थोडे विरळ, उभ्या सरळ वाटांचे फिल पसंत करतो. पहिल्या वर्षी अर्धा अंश मागे राहिले तरी पाचव्या वर्षी ते पुढे असते. आणि साध्या पीव्हीसीच्या फिलवर ५५ अंशांच्या पुढचे पाणी कधीही सोडू नये. ते वितळत नाही, पण मऊ पडून स्वतःच्या भाराने दबते.

पंख्याकडे शेवटी यावे असे नाही, उलट तिथे पाहणे सर्वांत सोपे असते. मोटर किती अँपिअर घेते ते पाहा. मोटर पाटीवरच्या भारापेक्षा बरीच कमी वीज घेत असेल तर पंखा पुरेशी हवा ओढत नाही. पात्यांचा कोन मोजून, सर्व पाती अर्ध्या अंशाच्या आत सारखी ठेवून, मोटरच्या मर्यादेपर्यंत तो वाढवता येतो. पात्याचे टोक आणि सिलिंडर यांच्यातील फट वाढली असेल तर हवा तिथूनच परत खाली घसरते. पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर सैल पट्टा हेही कारण असते. एका ठिकाणी तर मोटर रिवाइंड करून आणल्यावर दोन फेज उलट जोडल्या गेल्या आणि पंखा तीन दिवस उलटा फिरत होता. अँपिअर ठीक दिसत होते, आवाज येत होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. लूव्हरमधून बाहेर उडणाऱ्या पाण्याने रस्ता ओला होतो आहे, हे शेवटी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने सांगितले.

हे सर्व झाल्यावरही अ‍ॅप्रोच ४ अंशांच्या जवळ आला नाही, किंवा उत्पादन वाढल्यामुळे उष्णतेचा भारच ठरल्यापेक्षा जास्त झाला आहे असे निघाले, तर तिसऱ्या सेलचा विचार करावा. आपला सध्याचा भार ६०० गुणिले ५, म्हणजे ताशी ३० लाख किलोकॅलरी, अर्थात सुमारे ३,४९० किलोवॅट आहे आणि तो मूळ अटींइतकाच आहे. त्या परिस्थितीत नवा सेल घेऊन आपण फक्त अ‍ॅप्रोच विकत घेणार. आणि अ‍ॅप्रोच जसजसा कमी मागाल तसतसा टॉवरचा आकार अधिकाधिक वेगाने फुगत जातो. तीन अंशांच्या खाली तर बहुतेक उत्पादक हमी द्यायलाच तयार होत नाहीत.

आता विजेचा प्रश्न. टॉवर म्हटले की लोकांना पंखा दिसतो, पण वीज खातो तो पंप. ताशी ६०० घनमीटर पाणी ३० मीटर दाबाने फिरवायला, पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे ६५ किलोवॅट लागतात. पंपाच्या पुढची झडप अर्धवट बंद ठेवलेली असेल आणि तिच्यावर १० मीटर दाब वाया जात असेल, तर मोटरच्या हिशेबाने तिथे जवळजवळ २३ किलोवॅट अखंड जळत असतात, म्हणजे एखाद्या सेलच्या पंख्याइतकी किंवा त्याहूनही अधिक वीज. झडप पूर्ण उघडून इम्पेलर (पंपातील फिरते चाक) तासून घेणे हा यावरचा जुना आणि स्वस्त उपाय. तसेच बंद असलेल्या यंत्रांच्या हीट एक्स्चेंजरमधून पाणी फिरत राहते, ते थांबवावे. कोणती यंत्रे बंद आहेत याची यादी पाळीप्रमुखाकडे असतेच, फक्त ती झडपांपर्यंत पोहोचत नाही.

पंख्याच्या बाबतीत व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) खरी बचत होते, कारण हवा वेगाच्या प्रमाणात घटते, पण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग ८० टक्के केला तर वीज जवळजवळ निम्मी होते. यावरून निघणारी गोष्ट अनेकांना उलटी वाटते : भार कमी असताना एक सेल बंद करून दुसरा पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा दोन्ही सेल अर्ध्या वेगाने चालवावेत. गणिताने दोन्ही पंख्यांची मिळून वीज एका पूर्ण वेगाच्या पंख्याच्या चौथाईवर येते. व्हीएफडीतील व्यय धरला तरी फरक मोठाच राहतो. दोन पथ्ये मात्र पाळावीत. पाणी दोन्ही सेलमध्ये वाटल्यावर प्रत्येक नोझलला पुरेसा दाब मिळतो आहे ना, ते पाहावे. ठरलेल्या प्रवाहाच्या निम्म्याखाली गेल्यास फवाऱ्याची छत्री मिटते आणि फिलचे कोपरे कोरडे राहतात. शिवाय गिअरबॉक्स असेल तर उत्पादकाला विचारल्याशिवाय वेग फार खाली नेऊ नये, कारण आतल्या तेलाचे शिंतोडे वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचत नाहीत.

व्हीएफडी बसवूनही बचत न दिसण्याचे कारण बहुधा सेट पॉइंट (पंख्यांना गाठायला दिलेले थंड पाण्याचे तापमान) असतो. कोणीतरी जानेवारीत २६ अंश असा सेट पॉइंट भरतो, तेव्हा तो शोभतो. जुलैमध्ये वेट बल्बच २८ असताना पंखे ते अशक्य तापमान गाठण्यासाठी चोवीस तास पूर्ण वेगाने फिरत राहतात. सेट पॉइंट वेट बल्बबरोबर सरकणारा असावा. तेवढी स्वयंचलित सोय नसेल तर निदान महिन्यागणिक बदलावा. पाण्यावर चिलर (कॉम्प्रेसरने गारवा निर्माण करणारे यंत्र) चालत असेल तर हिशेब वेगळा होतो : कंडेन्सरला जाणारे पाणी एका अंशाने थंड मिळाले तर कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी घटते, म्हणून तिथे पंख्याची थोडी जादा वीज परवडते. अर्थात चिलरच्या उत्पादकाने सांगितलेल्या किमान तापमानाखाली जाऊ नये.

पाण्याचा हिशेब कागदावर एकदा मांडलाच पाहिजे. बाष्पीभवनाने जाणारे पाणी म्हणजे साधारणपणे ०.००१५३ गुणिले प्रवाह गुणिले रेंज. आपल्या बाबतीत ताशी ४.६ घनमीटर, दिवसाला सुमारे ११० घनमीटर. हे टाळता येत नाही, थंडावा त्यातूनच मिळतो. कमी करता येते ते ब्लोडाऊन, म्हणजे मुद्दाम सोडून दिलेले पाणी. शुद्ध पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून काही पाणी सोडून द्यावे लागते. फिरत्या पाण्यात क्षार कच्च्या पाण्याच्या किती पट झाले आहेत त्या आकड्याला सीओसी म्हणतात आणि ब्लोडाऊन म्हणजे बाष्पीभवन भागिले (सीओसी वजा एक). सीओसी २ ठेवला तर आपल्याला ताशी ९.२ घनमीटर मेकअप पाणी (घट भरून काढणारे नवे पाणी) लागेल, ३ ला ६.९, ५ ला ५.७५ आणि ८ ला ५.२६. दोनवरून तीनवर गेल्याने ताशी २.३ घनमीटर वाचतात, पण पाचवरून आठवर जाऊन अर्धा घनमीटरही वाचत नाही. म्हणून ८ किंवा १० सीओसीच्या जाहिरातींनी दिपून जाऊ नये. पाचच्या आसपास स्थिर राहणारा टॉवर माझ्या दृष्टीने उत्तम चाललेला टॉवर आहे.

वरची मर्यादा पाणी ठरवते. धरणाचे पाणी मिळत असेल तर पाच सहज जमते. दख्खनच्या बेसाल्टमधील बोअरचे पाणी कठीण असते आणि त्यात सिलिकाही असते. कच्च्या पाण्यात सिलिका ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग) असेल आणि फिरत्या पाण्यात ती १५० पीपीएमपर्यंतच राहू द्यायची असेल, तर सीओसी चारच्या आतच ठेवावा लागेल. सिलिकाचा थर एकदा बसला की तो काढणे महाकठीण असते. सीओसी क्लोराइडवरून काढत असाल तर एक सावधगिरी बाळगावी : हायपोक्लोराइटचा डोस स्वतःच क्लोराइड वाढवतो, त्यामुळे आकडा फुगलेला येतो. आणि ब्लोडाऊन कंडक्टिव्हिटी मीटरवर स्वयंचलित करून घ्यावे. पाळीत एकदा झडप उघडून चहा पिऊन येईपर्यंत पाणी सोडण्याच्या पद्धतीत क्षार सकाळी दुप्पट आणि दुपारी निम्मे असतात आणि रसायनांचा कोणताही डोस त्याच्याशी जुळत नाही.

महाराष्ट्रात पाण्याची ही चिंता केवळ बिलापुरती नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. आपल्या शेजारीच कोराडीच्या वीजकेंद्राला नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले जाते. अशा पाण्याचा आपणही विचार करू शकता, पण त्यातील फॉस्फेट आणि अमोनिया यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांना कुरतडतो.

शेवाळ आणि जिवाणूंकडे लोक सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहतात, ते चूक आहे. नळीच्या आत बसलेला बुळबुळीत थर उष्णता अडवण्यात चुन्याच्या थराहूनही वाईट असतो, कारण तो बहुतांशी स्थिर पाणीच असतो. मोकळा क्लोरीन ०.२ ते ०.५ पीपीएम ठेवण्याचा प्रघात आहे, पण पीएच ८.५ असेल तर त्यातील जेमतेम दहावा भाग जिवाणू मारण्याच्या रूपात उरतो. सीओसी वाढवला की पीएच चढतोच, म्हणून अशा ठिकाणी ब्रोमीनवर आधारित औषध घ्यावे; त्याचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच पीएचला कार्यक्षम राहतो. सूर्यप्रकाश बेसिनवर (टॉवरच्या तळाच्या टाकीवर) पडू न देणे हा फुकटचा उपाय आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियासारख्या ज्या साथीने माणसे दगावली, तिचा जिवाणू लेजिओनेला अशाच कोमट, अस्वच्छ पाण्यात वाढतो आणि टॉवरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. म्हणून फुटलेले ड्रिफ्ट एलिमिनेटर (उडणारे तुषार अडवणारे पडदे) बदलणे हे पाणी वाचवण्यापुरते काम समजू नये आणि बेसिन साफ करताना कामगारांना साध्या कापडी रुमालावर आत पाठवू नये.

आपल्या हातात या पावसाळ्याचे जे आठवडे आहेत, त्यांत पहिल्या आठवड्यात प्रवाह आणि वेट बल्ब मोजा, दुसऱ्या आठवड्यात एकेक सेल बंद करून नोझल, फिल आणि पात्यांचे कोन पाहा, आणि दुरुस्तीनंतर त्याच पद्धतीने, वेट बल्ब २७ ते २८ असलेल्या दिवशी, पुन्हा तासभर मोजा. पुरवठादाराला त्या मोजणीच्या वेळी हजर राहायला सांगा. तिसऱ्या सेलची चर्चा त्या कागदावरच्या अ‍ॅप्रोचवरून करावी, थंड पाण्याच्या तापमानावरून नव्हे.